एका पेशीत किती जीव?

सजीवांच्या पेशी मुख्यतः दोन घडणींच्या असतात. जिवाणूची पेशी लहान असते आणि तिच्या आत पडद्यांची दालने नसतात. वनस्पती, प्राणी, बुरशी आणि अमीबासारखे एकपेशीय जीव यांची पेशी बरीच मोठी आणि आतून अनेक कप्प्यांत विभागलेली असते. शालेय पुस्तके पहिलीला आदिकेंद्रकी आणि दुसरीला दृश्यकेंद्रकी म्हणतात. नगर (अहिल्यानगर) शहराला लागून, सीना नदीकाठी असलेल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत दुपारी जेवणाचा डबा उघडतो तेव्हा या दोन्ही घडणी शेजारी शेजारी येतात. दह्यात पहिली असते, कांद्यात दुसरी.

हा फरक सहसा दोन रकान्यांच्या तक्त्यात मांडतात आणि परीक्षेपुरता पाठ करतात. पण धर्मचिंतनातल्या एका जुन्या प्रश्नाला तो थेट भिडतो. एक जीव कशाला म्हणायचे? एका देहात एकच जीव असतो की अनेक? देहाचा मालक कोण? अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार दोन ठिकाणी फार बारकाईने झालेला दिसतो. एक विचार इथल्या जैन साधूंच्या आचारात आहे, दुसरा नेवाशात प्रवरेकाठी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत. पेशीविज्ञानाने या दोन्हींना दुजोरा दिला असे म्हणण्याची घाई अनेकजण करतात. ती घाई टाळून आधी पेशीकडे नीट पाहिले पाहिजे.

कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला, की शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातही विटांसारख्या रचलेल्या पेशी आणि प्रत्येकीतला गडद ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे केंद्रक. कांद्याची एक पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब असते. दही लावणारा लॅक्टोबॅसिलस मात्र काही सहस्रांश मिलिमीटरचा. तो दिसायला हजारपट मोठे करणारे भिंग लागते, आणि दिसला तरी नुसती काडी दिसते. आत ठिपका नाही. त्याचा डीएनए कुठल्याही पडद्यात गुंडाळलेला नसून पेशीच्या मधल्या भागात तसाच मोकळा पडलेला असतो. जिवाणूचा डीएनए बहुधा एका बंद कड्याच्या रूपात असतो. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे हे कडे सरळ केले तर सुमारे दीड मिलिमीटर भरते, आणि ते जेमतेम दोन सहस्रांश मिलिमीटर लांबीच्या पेशीत मावलेले असते. त्यावर सुमारे 46 लाख अक्षरजोड्या आणि 4,300 च्या आसपास जनुके आहेत. माणसाच्या एका जनुकसंचात तीन अब्जांहून अधिक अक्षरजोड्या आहेत, पण प्रथिने घडवणारी जनुके जेमतेम 20,000. जिवाणू जागा वाया घालवत नाही. त्याच्या डीएनएचा बहुतेक भाग कामाचा असतो. माणसात प्रथिनांचा मजकूर दीड-दोन टक्केच. कांद्याची कथा तर याहून विचित्र आहे. त्याच्या जनुकसंचात सुमारे 16 अब्ज अक्षरजोड्या आहेत, म्हणजे माणसाच्या पाचपट. डीएनए जितका जास्त तितका जीव वरच्या पायरीचा, असे समजणाऱ्याला कांदा गप्प करतो.

केंद्रकाच्या पडद्याने पेशीच्या कामाची रीतच बदलते. जिवाणूत डीएनएची नक्कल उतरवणे चालू असतानाच त्या नकलेवर रायबोझोम बसतात आणि प्रथिन बनवू लागतात. लिहिणे आणि वाचणे एकाच वेळी, एकाच जागी. कांद्याच्या किंवा माणसाच्या पेशीत नक्कल केंद्रकात उतरते, तिथेच तिची काटछाट होते, आणि मग ती बाहेर पाठवली जाते. जिवाणूला वेग मिळतो, अशा जटिल पेशीला फेरफार करायला सवड मिळते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुभंगतो. माणसाच्या पेशीला विभागायला साधारण एक दिवस लागतो.

इतर फरकही बरेच आहेत. जिवाणूचे रायबोझोम आकाराने लहान असतात. त्याच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नावाची जाळी असते, जी ना कांद्यात आहे ना माणसात; पेनिसिलिन नेमके या जाळीच्या विणकामावर घाव घालते. जटिल पेशीच्या आत प्रथिनांचा सांगाडा, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड आणि कचरा पचवणाऱ्या लयकारिका असतात. तिचे विभाजन गुणसूत्रांच्या शिस्तबद्ध ओढाताणीने होते. जिवाणू मधोमध आवळत जाऊन दोन होतो. जिवाणूची शेपटी मुळाशी बसलेल्या यंत्राने गरगर फिरते, तर माणसाच्या शुक्रपेशीची शेपटी लाटेसारखी वळवळते. दिसायला सारखी, पण घडण पूर्णपणे वेगळी.

कप्पे करणारी पेशी आणि कप्पे नसलेली पेशी अशी ही विभागणी तशी अलीकडची आहे. डच निरीक्षक लेवेनहूकने 1676 मध्ये पाण्यातल्या जिवाणूंचे वर्णन लिहिले तेव्हा त्याच्या लेखी ते सगळे इवले प्राणीच होते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों याने 1925 मध्ये दोन प्रकारांना नावे दिली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर 1962 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅनियर आणि व्हॅन नील यांनी जिवाणूची व्याख्या पेशीच्या आतल्या रचनेवरून पक्की केली. ही व्यवस्थाही पंधरा वर्षेच टिकली. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ कार्ल वोज याने 1977 मध्ये रायबोझोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवले की केंद्रक नसलेले सगळे एका घराण्याचे नाहीत. त्यांत आर्किया नावाचे एक निराळे घराणे आहे. ते दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांची आतली यंत्रणा काही बाबतींत माणसाच्या पेशीला जवळची. महाराष्ट्राला या घराण्याची ओळख जून 2020 मध्ये झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांचा निघाला.

अपवादही आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटाच्या खारफुटीत सापडलेला एक जिवाणू 2022 मध्ये जगापुढे आला. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, सुमारे एक सेंटिमीटर लांब भरतो, आणि त्याचा डीएनए पडद्यांच्या पिशव्यांत असतो. उलट माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतेच. ती घडताना ते बाहेर टाकलेले असते. म्हणून केंद्रक आहे की नाही, एवढ्या एका खुणेवर सगळा भार टाकता येत नाही. दोन घडणींमधला खरा फरक त्यांच्या पूर्वेतिहासात आहे, आणि जीवाच्या प्रश्नाशी त्याचाच संबंध येतो.

जटिल पेशीत तंतुकणिका असतात. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणणे हे त्यांचे काम. जिवाणू हे काम स्वतःच्या पेशीपडद्यावर करतो. वनस्पतींच्या हिरव्या पेशीत याशिवाय हरितलवके असतात. या दोन्ही अंगकांभोवती दुहेरी पडदा असतो, दोन्हींकडे स्वतःचा डीएनए असतो, तोही बहुधा जिवाणूसारखा कड्याच्या आकाराचा. दोन्हींचे रायबोझोम जिवाणूंच्या रायबोझोमांचे नातलग आहेत. पेशी त्यांना नव्याने घडवू शकत नाही. आधीची दुभंगूनच नवी होतात. रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की याने 1905 मध्येच हरितलवके ही एके काळी स्वतंत्र जगणारी असावीत, असे मांडले होते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये ही कल्पना तंतुकणिकांसह सविस्तर उभी केली. अनेक नियतकालिकांनी नाकारल्यावर त्यांचा लेख छापला गेला. पुढे डीएनएच्या वाचनाने तिचा गाभा खरा ठरला. तंतुकणिका ही एका जिवाणूच्या वंशातली आहे, हरितलवक नील-हरित जिवाणूंच्या वंशातले, आणि त्यांना आत घेणारी मूळ पेशी आर्कियांच्या घराण्यातली. तिचे जवळचे नातलग उत्तर अटलांटिकच्या तळातल्या गाळात मिळाले. 2015 मध्ये त्यांची नोंद झाली.

म्हणजे कांद्याची पेशी, आणि ती सोलणाऱ्या माणसाची पेशीही, एका जीवाची सरळ वाढ होऊन झालेली नाही. ती निदान दोन वेगळ्या वंशांच्या एकत्र येण्यातून झाली. या एकत्र येण्याला दीड अब्जाहून अधिक वर्षे होऊन गेली आहेत. तेवढ्या काळात तंतुकणिकेने आपली बहुतेक जनुके केंद्रकाकडे सोपवली. माणसाच्या तंतुकणिकेत आता फक्त 37 जनुके आणि 16,569 अक्षरजोड्या उरल्या आहेत. तिला बाहेर काढून एकटीने जगवता येत नाही, आणि तिच्याशिवाय माणसाची बहुतेक ऊतके तगत नाहीत.

असे एकत्र येणे इतिहासजमा झालेले नाही. नगर जिल्ह्यातला शेतकरी रब्बीत हरभरा पेरताना बियाण्याला रायझोबियम चोळतो. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम हे प्रमाण कृषी विभागाच्या पत्रकांतून आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशींमुळे पाठ झालेले आहे. हे जिवाणू मुळाच्या केसातून आत शिरतात आणि पेशीच्या आत, तिच्याच पडद्याच्या वेढ्यात, राहू लागतात. मुळावरची गाठ कापली की आतून गुलाबी निघते. हवेतला नत्र पिकाला मिळू लागल्याची ती खूण. वाटाण्यासारख्या काही कडधान्यांत तर वनस्पती या जिवाणूंना असे बदलून टाकते, की ते पुन्हा दुभंगूच शकत नाहीत. नत्र देण्याचे काम करत राहायचे आणि गाठीबरोबर संपायचे, एवढेच त्यांच्या हाती उरते. समुद्रातल्या एका शेवाळात याच्याही पुढची पायरी गाठली गेली आहे. तिथे नत्र बांधणारा पाहुणा जिवाणू आता पेशीचे अंगकच झाला आहे, असा निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. एक जीव दुसऱ्यात विरघळतो कसा, याच्या वेगवेगळ्या पायऱ्या आज एकाच वेळी पाहायला मिळतात.

आता जैन विचाराकडे. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत 1900 मध्ये जन्मलेले आणि 1992 मध्ये नगरमध्ये देह ठेवलेले आचार्य आनंदऋषीजी हे स्थानकवासी श्रमण संघाचे आचार्य होते. या परंपरेचे साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात, उकळलेले पाणी घेतात, पावसाळ्याचे चार महिने एका गावी थांबतात. या आचारामागे जीवांची एक काटेकोर मांडणी आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे ज्यांचे देह आहेत ते एकेंद्रिय जीव, त्यांना फक्त स्पर्श कळतो. पुढे दोन इंद्रियांचे, तीन इंद्रियांचे, अशी चढण पंचेंद्रियांपर्यंत जाते. वनस्पतींतही दोन प्रकार सांगितले आहेत. काहींत एका देहात एक जीव. दुसऱ्या प्रकारात एका देहात अनंत जीव, जे एकत्र जन्मतात, एकत्र आहार घेतात, एकत्र श्वास घेतात आणि एकत्र मरतात. कांदा, लसूण, बटाटा, मुळा हे अनंतकाय म्हणून वर्ज्य ठरतात ते या दुसऱ्या प्रकारामुळे. कांद्याच्या आवकेवर ज्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचा मोसम ठरतो, त्याच जिल्ह्यात कांद्याला शिवतही नाहीत अशी घरे आहेत आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

अशा सामायिक देहातल्या सर्वांत खालच्या अवस्थेला निगोद म्हणतात. निगोदातले जीव डोळ्यांना दिसत नाहीत, सगळ्या लोकाकाशात, म्हणजे विश्वात, भरलेले असतात, आणि एका श्वासोच्छ्वासाच्या अवधीत सतरा-अठरा वेळा जन्मतात आणि मरतात, असे परंपरा सांगते. डोळ्यांना न दिसणारे, सगळीकडे असणारे आणि झपाट्याने वाढणारे असे काही म्हटले की आधुनिक वाचकाला जिवाणूच आठवतात. म्हणून गेल्या शतकापासून प्रवचनांत आणि पुस्तिकांत निगोद म्हणजेच बॅक्टेरिया, असे समीकरण मांडले जाऊ लागले.

हे समीकरण टिकत नाही. वेगाचा हिशेब तर जमत नाहीच, कारण सर्वांत जलद दुभंगणाऱ्या ज्ञात जिवाणूंनाही काही मिनिटे लागतात आणि श्वास चार सेकंदांत होतो. पण तो मुद्दा किरकोळ आहे. मोठी अडचण अशी, की निगोदाचे लक्षण लहानपण नव्हे. एका देहात अनेकांचे राहणे हे त्याचे लक्षण. जिवाणूचे नेमके उलटे आहे. प्रत्येक जिवाणूला स्वतःचा वेगळा देह आहे, स्वतःची भिंत आहे. दह्याच्या एका चमच्यात कोट्यवधी जिवाणू असले, तरी प्रत्येकजण आपापल्या देहात आहे. देह सामायिक करण्याचे उदाहरण शोधायचेच असेल तर ते तंतुकणिका असलेल्या जटिल पेशीत मिळते, कांद्यात मिळते, कांदा न खाणाऱ्याच्या यकृतात मिळते. तिथेही जीव अनंत नाहीत, आणि एकत्र आलेल्यांपैकी एकाने आपले स्वातंत्र्य जवळजवळ गमावले आहे. निगोदाला जिवाणू म्हणणारे चुकीच्या पेशीकडे बोट दाखवतात. त्यातून मूळ सिद्धांताचेही नुकसान होते. निगोद ही संकल्पना जीवांच्या मुक्तीच्या प्रवासाचा आरंभ सांगण्यासाठी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसावी अशी तिची अपेक्षाच नव्हती.

जिवाणूला एकेंद्रिय म्हणणेही तितके सोपे नाही. ई. कोलायच्या पडद्यावर आजूबाजूच्या रसायनांचा आणि ऊर्जेच्या स्थितीचा अंदाज घेणारी पाच प्रकारची ग्राहके आहेत. त्यांच्या आधारे तो साखरेकडे सरकतो, घातक द्रव्यापासून दूर जातो. याला इंद्रिय म्हणायचे का, हे इंद्रियाच्या व्याख्येवर अवलंबून आहे. परंपरेत त्या व्याख्येमागे जाणिवेची कल्पना आहे, रसायनाची नाही.

जीव एक की अनेक, हा प्रश्न जिवाणूने दुसऱ्या बाजूनेही अवघड केला आहे. तो दुभंगतो तेव्हा प्रेत मागे राहत नाही. आई कोण आणि लेक कोण, हे बहुतेक जिवाणूंत ठरवता येत नाही. एका देहात एक आत्मा मानणाऱ्याला विचारावे लागते, की मूळचा आत्मा कोणत्या अर्ध्यात गेला आणि दुसऱ्या अर्ध्यात कोण आला? नवा जीव येऊन वसला, असे उत्तर देता येते आणि जैन मांडणीत त्याला जागाही आहे. हा पेच जिवाणूंपुरता नाही. प्रवरा आणि गोदावरीच्या पट्ट्यात ऊस लावतात तो टिपऱ्या करून, एका उसाचे अनेक ऊस होतात. पण उसाच्या बाबतीत निदान एक मूळ झाड डोळ्यांपुढे असते. जिवाणूच्या बाबतीत ते मूळही नाही. शिवाय जिवाणू आपली जनुके वंशाच्या बाहेरही देतात. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी एका जिवाणूतून दुसऱ्यात, कधी दुसऱ्या जातीतही जातात. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण रुग्णालयांत असाच पसरतो. ज्याचा वारसा शेजाऱ्याकडूनही येतो, त्याची ओळख वंशावरून सांगता येत नाही. जटिल पेशीच्या जीवांत नर-मादीच्या संयोगाने ठरावीक वेळी जनुकांची सरमिसळ होते आणि त्याबरोबर वार्धक्य आणि मृत्यू येतात. मरण येणारच, हे ज्याच्या बाबतीत ठामपणे म्हणता येते तो बहुधा दुसऱ्या घडणीचा.

माणसाचा देह या हिशेबात आणखी गुंतागुंतीचा निघतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे 30 लाख कोटी मानवी पेशी असतात आणि जवळपास 38 लाख कोटी जिवाणू. त्या मानवी पेशींतही मोठा वाटा केंद्रक नसलेल्या तांबड्या पेशींचा.

हा देह कोणाचा, असा प्रश्न मग उभा राहतो, आणि तो नेवाशात विचारून झालेला आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात देहाला शेत मानून त्याच्या मालकीचा वाद मांडला आहे. जीववादी म्हणतात शेत जीवाचे, प्राण हे त्याचे कूळ, प्राणाच्या घरी चार भाऊ राबतात आणि मन कुळवाडीवर देखरेख करते. दुसरे म्हणतात ते प्रकृतीचे. तिसरे संकल्पाला मालक करतात, चौथे स्वभावाला, शेवटचे काळाला. शेतीची भाषा अशी नेमकी आहे, की हा वाद चावडीवर चालल्यासारखा वाटतो. ज्ञानेश्वर यांपैकी कोणाच्याही बाजूने निकाल देत नाहीत. ते पुढे देह ज्या तत्त्वांचा झाला आहे ती एकेक करून सांगतात: महाभूते, अहंकार, बुद्धी, इंद्रिये, सुखदुःख, धृती. देह हा अनेकांचा समुदाय आहे आणि त्याला जाणणारा वेगळा आहे, ही त्यांची भूमिका.

पेशीविज्ञानाने या वादात जीववाद्यांची बाजू दुबळी केली, इतके म्हणता येते. देहात राबणारे कूळ एके काळी परक्या घरातून आले आणि त्याच्या कष्टावाचून शेत पडीक पडते, हे तंतुकणिकेने दाखवले. मालक मात्र सापडत नाही. केंद्रकाला मालक म्हणावे, तर त्यातल्या जनुकांतही जिवाणूंकडून आलेली पुष्कळ आहेत. देह समुदायरूप आहे हा ज्ञानेश्वरांच्या मांडणीचा अर्धा भाग पेशीपर्यंत खाली नेता येतो. जाणणारा वेगळा आहे, या दुसऱ्या अर्ध्याबद्दल पेशी काहीच सांगत नाही, आणि तिच्याकडून ते वदवून घेण्याचा खटाटोप करू नये.

अहिंसेच्या प्रश्नावर या दोन घडणींतला फरक सर्वांत व्यवहारी होतो. त्याच तेराव्या अध्यायात अहिंसेचे लांबलचक विवेचन आहे. अहिंसक माणूस, कणाकणांत इवले जीव अडकलेले असतील हे जाणून, करुणेत पाऊल लपवत चालतो, असे तिथे म्हटले आहे. आणि त्याच ओघात आयुर्वेदालाही सोडलेले नाही. जीव वाचवण्यासाठी जीवाचाच घात करणे, झाडे मुळासकट उपटणे आणि उकळणे, ही कसली अहिंसा, असा टोमणा ज्ञानेश्वर मारतात. प्रतिजैविकांचे युग यायला साडेसहाशे वर्षे होती, पण आक्षेप आजच्या औषधांवर जसाच्या तसा लागू पडतो. पेनिसिलिनची एक मात्रा अब्जावधी जीव मारते.

ते औषध रोग्याला मारत नाही, याचे कारण घडणीतला फरक. पेप्टिडोग्लायकनची जाळी माणसात नाही म्हणून तिच्यावरचा घाव माणसाला लागत नाही. जिथे साम्य उरले आहे तिथे इजा होते. क्लोरॅम्फेनिकॉल जिवाणूच्या रायबोझोमला अडवते आणि तंतुकणिकेचे रायबोझोम त्याच घराण्याचे असल्याने अस्थिमज्जेतले रक्त घडण्याचे काम मंदावते. स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या औषधांनी बहिरेपण येऊ शकते, आणि तंतुकणिकेच्या डीएनएत एक विशिष्ट बदल असलेल्या घराण्यांत ते थोड्या मात्रेनेही येते. दीड अब्ज वर्षांपूर्वी आत आलेला पाहुणा अजून आपले मूळ विसरलेला नाही.

मुंबईत प्लेगच्या साथीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिनने लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली, तेव्हा अहिंसेचा हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. लसीतले जंतू मांसाच्या रसावर वाढवावे लागत. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळण्यासाठी त्याने बोकडाचे मांस वापरले. तरीही शाकाहारी समाजांची अडचण उरलीच. जंतू मारण्याबद्दल मात्र फारशी तक्रार दिसत नाही. मारला जाणारा जीव कोणत्या पायरीचा आहे, याचा विचार लोक न सांगता करत होते.

जैन परंपरेने तो सांगून केला आहे. गृहस्थाच्या हिंसेचे तिने चार प्रकार मानले: ठरवून केलेली, घरकामात घडणारी, उद्योगात घडणारी आणि बचावासाठी करावी लागणारी. पहिली सर्वस्वी वर्ज्य, बाकीच्या कमीत कमी. नगरमध्ये आचार्य आनंदऋषीजींच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे. तिथल्या शस्त्रक्रियागृहात जंतू मारले जातात आणि त्याने परंपरेला बाध येत नाही, ते या वर्गीकरणामुळे. पाणी उकळण्याचा नियमही असाच समजून घ्यावा लागतो. उकळताना जीव मरतात हे परंपरेला ठाऊक आहे. त्यानंतर ठरावीक प्रहरांपर्यंत, पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच, त्या पाण्यात नवे जीव उत्पन्न होत नाहीत असे ती मानते. दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकणाऱ्या जिवाणूंच्या हिशेबाने हा नियम अगदीच निराधार नाही, जरी काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकतात.

जीव मोजून हिंसेचे माप ठरवता येत नाही, हे दोन्ही परंपरांना पेशीविज्ञानाच्या कितीतरी आधी उमगलेले होते. एकीने इंद्रियांची चढण मानली, दुसरीने मनातल्या करुणेकडे पाहिले. जिवाणूच्या पेशीत दुसऱ्या वंशाचा जीव मुरून अंगक झालेला नाही; तो मुरलेला आहे कांद्याच्या आणि माणसाच्या पेशीत. त्याला वेगळा जीव म्हणावा की नाही, हे सूक्ष्मदर्शक ठरवत नाही. ते जीवाची जी व्याख्या आधी स्वीकारली असेल तिच्यावरून ठरते. निगोदाला बॅक्टेरिया म्हणणाऱ्या पुस्तिकांनी ती व्याख्या न सांगताच निष्कर्ष काढला, हा त्यांचा दोष.